ढोलकीवाला पाहिजे : सोबती शोधण्याचा आंबेडकरी इतिहास

वाजवणाऱ्यांना वाजवणाऱ्यांशी जोडून देणाऱ्या साइटी आता नव्या राहिलेल्या नाहीत. नाव टाका, शहर टाका, वाद्य निवडा, कोणत्या धाटणीचे संगीत आवडते ते निवडा, फोटो चढवा. थोड्या वेळात त्याच शहरातला बासवाला, ड्रमर, गायिका, कीबोर्डवाला स्क्रीनवर हजर. याशिवाय फेसबुकचे गट आहेत, इन्स्टाग्राम आहे, युट्यूबच्या व्हिडिओखाली 'भाऊ, सोबत काही करू' असे लिहून फोन नंबर टाकणारे आहेत. आपल्या वस्त्यांमधली रॅप करणारी, गिटार शिकणारी, घरच्या घरी मोबाइलवर बीट बनवणारी पोरे-पोरी या सगळ्या ठिकाणी आहेत. त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : नेटवर कुणी जात विचारत नाही, वाजवता येते का एवढेच विचारतात.

हे वाक्य खरे असते तर आनंदच होता. पण आंबेडकरी माणसाने कोणतेही वाक्य इतिहासावर घासून पाहिल्याशिवाय खिशात घालू नये. सोबत गाणारा-वाजवणारा माणूस कोणाला मिळतो, कसा मिळतो, कोणाला मिळतच नाही, हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. आपल्या माणसांनी तो आधी सोडवलेला आहे आणि त्या सोडवणुकीत काही चुकाही केलेल्या आहेत. दोन्ही माहीत असल्याशिवाय आजचे प्रोफाइल भरू नये असे माझे मत आहे.

अनोळखी वादकाला जाहिरात देऊन शोधण्याची रीत पाश्चात्त्य शहरांतली आहे. 1967 साली इंग्लंडमध्ये एका रेकॉर्ड कंपनीने 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकात नवे कलावंत पाहिजेत म्हणून जाहिरात दिली. तिला उत्तर देणाऱ्यांत एल्टन जॉन होता आणि बर्नी टॉपिनही होता. एकाला शब्द सुचत नव्हते, दुसऱ्याला चाल येत नव्हती. दोघांची जोडी पुढे अर्धशतकाहून जास्त चालली. 1974 साली ब्रूस स्प्रिंगस्टीनला ड्रमर आणि पियानोवाला हवा होता, तेव्हा न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये जाहिरात गेली आणि मॅक्स वाइनबर्ग व रॉय बिटन आले. 1981 साली लॉस एंजेलिसच्या 'रिसायकलर' या जाहिरातपत्रात लार्स उलरिक नावाच्या डेन्मार्कहून आलेल्या पोराने ड्रमर म्हणून जाहिरात दिली, जेम्स हेटफिल्डने तिला उत्तर दिले, आणि त्यातून 'मेटॅलिका' उभी राहिली. जुन्या फर्निचरच्या आणि वापरलेल्या मोटारींच्या जाहिरातींच्या शेजारी ही जाहिरात होती. पुढे 1995 साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्कने सुरू केलेल्या 'क्रेगलिस्ट'ने हेच काम नेटवर आणले, 2003 नंतर 'मायस्पेस'ने त्याला आवाज जोडला. आणि 2007 साली अमेरिकेतल्या 'जर्नी' या बड्या बँडच्या नील शॉनने युट्यूब चाळता चाळता मनिलातल्या एका बँडचा गायक ऐकला. आर्नेल पिनेडा. लहानपणी आई गेलेली, मनिलाच्या रस्त्यांवर, बागांत झोपून दिवस काढलेले. त्याला बोलावून घेतले आणि तो 'जर्नी'चा मुख्य गायक झाला.

पिनेडाची गोष्ट सांगितली की आपली पोरे खूश होतात. व्हावेच. पण या सगळ्या गोष्टींच्या तळाशी एक अट आहे, ती कुणी सांगत नाही. जाहिरात देणारा आणि उत्तर देणारा दोघेही एकमेकांना खरोखर अनोळखी असले पाहिजेत आणि अनोळखी असणे चालले पाहिजे. अमेरिकेतही ही अट सर्वांसाठी सारखी नव्हती, तिथे कातडीचा रंग फोन ठेवल्यावर पहिल्याच भेटीत दिसतो. भारतात तर माणूस अनोळखी राहूच शकत नाही अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न इथे नाव विचारण्यासाठी नसतो.

बाबासाहेब 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठाची विद्या होती आणि संस्थानची नोकरी होती. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन दहा-बारा पारशी दारात आले आणि तू कोण म्हणून विचारू लागले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली आणि त्यांनी मुंबईची गाडी पकडली. हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. आता प्रोफाइलवर आडनाव गाळणाऱ्या, नुसते 'आकाश' किंवा 'एके 14' असे काहीतरी टाकणाऱ्या आपल्या पोरांकडे बघा. आडनाव गाळल्यावर जागा मिळते. प्रश्न अकराव्या दिवशी काय होते हा आहे. चार तालमी होतात, चहा होतो, मग कुणीतरी विचारतो, 14 एप्रिलला तू कुठे असतोस? किंवा पोराच्या मोबाइलची रिंगटोन वाजते. 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा खून झाला. गाणे मोबाइलमध्ये असले तरी ऐकणारे कान त्याच गावातले असतात.

आता भारतीय संगीताने सोबती शोधण्याची कोणती व्यवस्था ठेवली होती ते पाहू. घराणे ही त्यातली एक. उस्ताद शिष्याला गंडा बांधतो, शिष्य त्या घराचा होतो, साथीला कोण बसणार हे घर ठरवते. 1901 साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा फी भरून शिकण्याची वाट खुली झाली, पण त्या वर्गात येऊन बसले ते बहुतेक शहरी उच्चवर्णीय घरांतले. मग आकाशवाणी आली. तिथे ऑडिशन होती, म्हणजे कागदावर तरी जात नव्हती. पण 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातलेली होती. कारण देण्यात आले सुरांचे, या परदेशी पेटीत भारतीय श्रुती बसत नाहीत म्हणून. असेलही तसे. पण जलशाचा, भजनी मंडळाचा, तमाशाचा, वस्तीतल्या गायकाचा संसार त्याच पेटीवर चालला होता. ज्याला तंबोरा परवडत नाही आणि सारंगिया मिळत नाही, त्याच्या गळ्याला आधार पेटीचाच. देशातले सर्वांत मोठे सांगीतिक व्यासपीठ तीस वर्षे तुमच्या वाद्याला दार बंद ठेवते, तेव्हा तुमची जात विचारण्याची त्याला गरजच उरत नाही.

आजच्या साइटींवरचा वाद्यांचा खाना मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. गिटारचे चार प्रकार वेगवेगळे, बास वेगळी, ड्रम्स वेगळे, कीबोर्ड वेगळा. ढोलकी, हलगी, संबळ, डफ, तुणतुणे वाजवणाऱ्याने 'इतर तालवाद्ये' किंवा 'इतर' यावर बोट ठेवायचे. यामागे कुणाचे कारस्थान नाही, यादी बनवणाऱ्याला ती वाद्ये माहीतच नसतात. परंतु यादीत नसलेली वस्तू शोधता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. संगीताच्या प्रकाराचेही तेच. भीमगीत कुठे टाकायचे? गाण्यांच्या ॲपवर ते अनेकदा 'भक्तिगीत' म्हणून टाकलेले सापडते. बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध संविधान सभेत दिलेला इशारा आठवा आणि मग हे लेबल वाचा.

वाद्यावरची जात फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीताच्या गायकाने 2020 साली मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. मृदंगाला गाईचे, शेळीचे, म्हशीचे कातडे लागते. ते कमावणारे, ताणून बसवणारे हात दलितांचे, त्यांतले बरेच ख्रिस्ती दलितांचे. वाजवणारे विद्वान बहुतेक ब्राह्मण. चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेली जागा ऐनवेळी काढून घेतली. वाद्य बनवणारा आणि वाजवणारा शंभर वर्षे एकमेकांच्या दारात उभे राहत आले, पण सोबती झाले नाहीत. ओळख नव्हती म्हणून नव्हे. ओळख तर पिढीजात होती.

आता आपल्या घरातला इतिहास.

महाराष्ट्रात महार आणि मांग समाजाकडे वाद्ये आधीपासून होती. सणाला, लग्नाला, गावच्या जत्रेला वाजवण्याचे काम बलुत्यात त्यांच्यावर लादलेले होते, आणि त्याच हातांनी तमाशाचे फड उभे केले. म्हणजे कसब होते, पण ते गुलामीच्या कामाबरोबर आलेले. ही गुंतागुंत आपल्या चळवळीने फार आधी ओळखली. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे ब्राह्मण कुटुंबातले शाहीर. त्यांनी आपले गाव, घर आणि जात सोडून महार कलावंतांचा फड धरला, पवळाबाईंबरोबर महाराष्ट्र गाजवला. सोबती शोधण्यासाठी जातीची भिंत ओलांडणारा तो एक प्रसिद्ध माणूस. तरीही महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले असे सांगितले जाते. आपल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्यातला अर्थ. इथे अनेक अभ्यासकांनी बाबासाहेबांना लोककलेचे विरोधक ठरवण्याची घाई केली आहे. मला ते पटत नाही. सोबत कोणत्या अटीवर, हा त्यांचा प्रश्न होता. बापूरावांनी भिंत ओलांडली हे खरे, पण ओलांडल्यावर मालकी कोणाची, नाव कोणाचे आणि अंगविक्षेप कोणाच्या लेकीने करायचे, हे बदलले नव्हते.

जलशाने ते बदलले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भटशाहीविरुद्धचा प्रचार भरला होता. त्याच वाटेवरून 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. नाशिक जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, आणि त्या भागातल्या भीमराव कर्डकांचा जलसा पुढे महाराष्ट्रभर फिरला. केरू घेगडे, विदर्भातले पतितपावनदास अशी आणखी किती तरी नावे. गण राहिला पण गणपती गेला. गौळणीतला कृष्ण गेला. वगात राजाराणीऐवजी सावकार, भट, पाटील, शिकलेला मुलगा आणि त्याची आई आली. कर्डकांच्या जलशाचे काम आपल्या सभांपेक्षा जास्त पोहोचते अशी दाद बाबासाहेबांनी दिल्याचे आपण सगळेच सांगतो.

पण या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. त्या जलशांना माणसे कुठून मिळाली? ढोलकीवाला, पेटीमास्तर, झील धरणारे, सोंगाड्या, हे कुणी कसे शोधले? त्याचे उत्तर चळवळीच्या वाटांत आहे. गिरण्या, गोदी, रेल्वेची वर्कशॉपे, म्युनिसिपालटीची सफाई खाती इथे खेड्यांतून आलेली माणसे होती. एका चाळीत एका तालुक्याची माणसे राहत. रविवारी समता सैनिक दलाची कवायत होई, त्यात कोणाचा आवाज खडा आहे ते आपोआप कळे. लग्नाच्या वऱ्हाडात ढोलकीवर हात कसा बसतो ते कळे. 'जनता'त परिषदांच्या नि जलशांच्या बातम्या येत, त्यावरून कोणत्या भागात कोण गातो याचा पत्ता लागे. कुणी जाहिरात दिली नाही. आधी परिषद, आधी सत्याग्रह, आधी बोर्डिंगसाठी वर्गणी, आणि त्या धावपळीत सापडलेला माणूस मग जलशात. म्हणजे सोबती शोधण्याआधी सोबत काय करायचे हे ठरलेले होते. बिऱ्हाडाचे भाडे थकले, रात्रपाळी आली, गावच्या पाटलाने धमकी दिली, तरी हा सोबती दुसऱ्या दिवशी तालमीला येतो, कारण तो फक्त वाजवायला आलेला नसतो.

याची एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. जलशात बायका नव्हत्या. स्त्रीपात्रे पुरुषच करीत. तमाशातल्या बदनामीपासून आपल्या स्त्रियांना सोडवायचे म्हणून हे झाले, कारण समजते. पण परिणाम असा की गाणारी बाई चळवळीच्या व्यासपीठावर येण्याऐवजी जात्यावर राहिली. तिथे मात्र ती गप्प नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या शेकड्यांनी आहेत. जाते दोघींनी ओढायचे असते. एकीने ओळ टाकली की दुसरी तिच्यात आपली ओळ मिसळते. सोबतीण शोधायला त्या बाईला वस्तीबाहेर जायची मुभा नव्हती, म्हणून तिने शेजारणीला सोबतीण केले. जलशाच्या इतिहासात हे पान नाही. लिहिणारे आपलेच होते, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

पुढच्या पिढीत वामनदादा कर्डक आले. 15 ऑगस्ट 1922 चा जन्म, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. अक्षरओळख मुंबईत मोठेपणी झाली. गिरणीत, पडेल त्या कामात दिवस काढत त्यांनी हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायली. वामनदादांना कुठलीही साइट लागली नाही, कारण त्यांचे गाणे त्यांच्याआधी गावात पोहोचलेले असे. वह्यांमधून उतरवून घेतलेले, एका गायनपार्टीकडून दुसरीकडे गेलेले. गाणे असे हातोहात जात असताना रचणाऱ्याचे नाव पुसले जाण्याचा धोका असतो. त्यावर त्यांनी जुनाच इलाज वापरला, शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा. अभंगातल्या 'तुका म्हणे'सारखी. नाव ओळीतच गुंफले की ते काढायला गाणे मोडावे लागते. आजच्या भाषेत ज्याला आपण क्रेडिट म्हणतो ते वामनदादांनी वृत्तात बसवले होते.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. स्वस्त कॅसेटमुळे प्रल्हाद शिंदे, आनंद आणि मिलिंद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या मांडवात पोहोचला. हे मोठे काम होते. पण वादक कोण घ्यायचे हे आता कंपनी आणि संगीत-संयोजक ठरवू लागले, आणि कॅसेटच्या खोक्यावर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव बारीक, ढोलकीवाल्याचे नाव नाही. विठ्ठल उमपांचे निधन 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच झाले, व्यासपीठावर. किती लोकांना त्यांच्या ढोलकीवाल्याचे नाव सांगता येईल?

आणि विलास घोगरे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. काही दिवसांत विलास घोगरेंनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो. ज्या पथकासाठी हा शाहीर वर्षानुवर्षे गायला, त्या पथकाने त्याला आधीच दूर केलेले होते, हेही त्या चित्रपटात येते. एवढ्या ताकदीचा माणूस सोबतीशिवाय राहिला. संघटना सोबती देते तशी ती हिरावूनही घेते. विचारसरणीच्या नावाने पोटापाण्याच्या गाण्यावरून कलावंताला जाब विचारणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा एकदा पाहावा.

या पार्श्वभूमीवर नेट आले. 2004 ला ऑर्कुट, 2005 ला युट्यूब, मग फेसबुक, व्हॉट्सॲप, आणि 2016 च्या सप्टेंबरनंतर स्वस्त डेटा. नेटने खरोखर जे केले ते नाकारण्याचे कारण नाही. जालंधरची गिन्नी माही शाळा-कॉलेजच्या वयात बाबासाहेब आणि संत रविदास गाऊ लागली आणि पंजाबबाहेर आपण तिला ऐकले. कोरापूटचा सुमीत समोस ओडिशातून दिल्लीला जेएनयूमध्ये आला आणि त्याचे जातिविरोधी रॅप इथल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आले. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर दारोदार भीमगीते गात होत्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केले, ते फिरले, आणि ज्या बाईला जलशाने जागा दिली नसती तिला गावोगावच्या जयंतीची बोलावणी आली. सोबतीला कुणी नसताना एकतारी तिची सोबतीण होती. ही नेटची कमाई आहे आणि ती मोठी आहे.

परंतु बारकाईने बघा. या तिन्ही उदाहरणांत नेटने श्रोते मिळवून दिले. सोबती मिळवून दिले का? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर चेन्नईत सापडते. 2017 साली दिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि तेनमा हा संगीतकार यांनी मिळून आवाहन केले, ऑडिशन घेतल्या, आणि एकोणीसच्या आसपास लोकांचा जथा उभा केला, 'कास्टलेस कलेक्टिव्ह'. नाव आले ते पंडित अयोथी दास यांच्या 'जातिरहित तमिळ' या कल्पनेवरून. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले, अंत्ययात्रांत गाणारे गाना गायक, परई वाजवणारे, रॅपर आणि रॉक बँडमधले गिटारवाले एका खोलीत आले. परई हे मृत्यूच्या वेळी वाजवायला लावलेले वाद्य, आपल्या हलगीसारखेच. ते टाकून द्यायचे की उचलून धरायचे हा वाद तिकडेही झाला होता. यांनी ते ड्रम्सच्या शेजारी, मंचाच्या पुढच्या भागात ठेवले. गाना हा पुरुषांचा प्रांत, त्यात इसैवाणी ही गायिका पुढे उभी राहिली. 6 जानेवारी 2018 ला किलपॉकला पहिला कार्यक्रम झाला आणि हजारो माणसे आली. बातमी नेटवरून पसरली, पण तालीम खोलीत झाली, आणि ती खोली चळवळीच्या पैशाने आणि विश्वासाने उभी होती. कर्डकांचा जलसा आणि हा जथा यांच्यात ऐंशी-नव्वद वर्षांचे अंतर आहे, जुळवाजुळव मात्र एकाच प्रकारची.

त्याच जथ्यातला कवी-रॅपर अरिवु. मार्च 2021 मध्ये त्याचे आणि धी या गायिकेचे 'एन्जॉय एन्जामी' युट्यूबवर आले आणि कोट्यवधी लोकांनी पाहिले. त्यात अरिवुच्या आजीची, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या वल्लीअम्मालची कथा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक रॅपर झळकले, अरिवु नाही. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, गदारोळ झाला, मग अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. 2022 ला चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात ते गाणे अरिवुशिवाय झाले, आणि गाणे नेमके कुणी किती रचले यावर त्याच्यात आणि संगीतकारात उघड वाद झाला. त्या वादात दोन बाजू आहेत. पण एवढे तर दिसतेच की कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या गाण्यातही नाव आपोआप टिकत नाही. वामनदादांनी शेवटच्या कडव्यात नाव का ओवले, ते यावरून कळावे.

आणि टिकण्याचेच बोलायचे तर 'मायस्पेस'चे उदाहरण पाठ करून ठेवावे असे आहे. 2019 साली त्या कंपनीने कबूल केले की सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेली गाणी गेली. बारा वर्षांची, कोट्यवधी गाणी. त्यांतल्या कित्येक बँडांनी सोबती तिथेच शोधले होते. ऑर्कुट तर 2014 ला बंदच झाले. ज्यांच्या घरात जलशाची जुनी वही ट्रंकेत आहे त्यांनी तिला वाळवी लागू दिली तर तो आपला दोष. पण ज्यांनी सगळे काही परक्याच्या गोदामात ठेवले त्यांना तर वाळवीही दिसणार नाही.

मग साइटी वापरू नयेत का? वापराव्यात, बेधडक वापराव्यात. पण आडनाव गाळून जागा मिळवण्यापेक्षा पहिल्याच ओळीत आपण काय गातो ते लिहावे. 'आंबेडकरी गाण्यांसाठी ढोलकी, हलगी, बास पाहिजे' असे स्पष्ट लिहिले तर दहाऐवजी दोनच उत्तरे येतील, पण ते दोघे अकराव्या दिवशी काठ्या घेऊन येणार नाहीत. पहिली तालीम विहारात किंवा समाजमंदिरात ठेवावी, संध्याकाळी, म्हणजे मुलींच्या घरचेही येऊन बघू शकतील. पहिल्या सुपारीच्या आधीच पैशाची वाटणी ठरवावी. ढोलकीवाला, झीलकरी, गीतकार, ज्याने मिक्स केले तो, सगळ्यांची नावे व्हिडिओखाली लिहावीत, आणि गाण्याच्या मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. आणि जाता जाता, ज्या मंडळांनी जयंतीला ढोलकीवाल्याच्या वर्षभराच्या कमाईइतके पैसे एका रात्रीच्या डीजेवर उडवले, त्यांनी 'आता वादकच मिळत नाहीत' अशी तक्रार करू नये. डीजे लावल्यावर वादक शोधायची गरजच उरत नाही, मग वादक तयार तरी का होतील?

दरवर्षी 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलांमधल्या मोकळ्या जागेत गायनपार्ट्या बसलेल्या असतात. कुणी परभणीचे, कुणी यवतमाळचे, कुणी बेळगावचे. त्यांच्यातल्या बहुतेकांचे कुठेही प्रोफाइल नाही. गीतांच्या पुस्तिका दहा-वीस रुपयांना मिळतात, आणि पुस्तिकेच्या मागे कवीचा फोन नंबर छापलेला असतो. यंदा जाताना मोबाइल चार्ज करून न्या. गाणाऱ्याचा व्हिडिओ सगळेच काढतात. तुम्ही त्याच्या डावीकडे मांडी घालून बसलेल्या ढोलकीवाल्याकडे जा, त्याचे नाव, गाव, कुणाकडे शिकला ते विचारा, त्याच्या परवानगीने नंबर घ्या आणि विचारा की महिन्यातून एकदा तालमीला यायला जमेल का.